वाढत्या अंगाचं माप

"चौपन्न इंच," शशिकांतराव फोनवर म्हणाले. "एक इंच कमी असला तरी गरुडझेपेत घेत नाहीत. तेवढं पोरीला नीट मोजून घ्या, साडू."

फोन दुकानातला होता आणि टेप माझ्या गळ्यात होती. मोजून घ्या! बार्शीत वीस वर्षं माळवदे टेलर्स चालवणाऱ्या माणसाला पुण्यात विम्याचे कागद फिरवणारा माणूस सांगतो, मोजून घ्या. मी टेपला हातसुद्धा लावला नाही. कपाटातून मापाची वही काढली, पान उलटलं आणि म्हणालो, "केतकी उद्धव माळवदे. चौपन्न. बरोब्बर चौपन्न. लिहून घ्या."

ही सतरा-अठरा वर्षांपूर्वीची दिवाळी. केतकी तेव्हा चौथीत होती. शशिकांतराव म्हणजे माझ्या बायकोच्या, सुलभाच्या, थोरल्या बहिणीचे यजमान. पुण्याच्या पलीकडं घाटाजवळ 'चंद्रलोक' नावाचं भलंमोठं पार्क निघालं होतं आणि शशिकांतराव तिथं तीन वेळा जाऊन आले होते. गणपतीत ते बार्शीला आले तेव्हा त्यांनी केतकीला समोर बसवून गरुडझेप सांगितली. रुळावरून गाडी कशी वर वर चढते, टोकावर क्षणभर कशी थांबते आणि मग माणसाला उलटं करून खाली कशी सोडते. सांगताना त्यांनी हातातली बशी उलटी करून दाखवली आणि चहा आमच्या सतरंजीवर सांडला. सतरंजीवरचा डाग गेला, पण केतकीच्या डोक्यातून गरुडझेप गेली नाही.

"दिवाळीला मला नवा ड्रेस नको," ती म्हणाली. "फटाके पण नको. मला गरुडझेपेत बसायचंय. बाकीचं तुम्ही ठरवा."

ठरवण्यात मी कुणाला हार जाणारा नाही. कटिंगच्या टेबलावर खाकी कागद पसरला, शशिकांतरावांनी पाठवलेला पार्कचा नकाशा शेजारी ठेवला आणि खडूनं दिवस आखायला घेतला. नऊ वाजता दार. नऊ दहाला मोठा पाळणा. नऊ पस्तीसला भुताचं घर, ते सुलभानं खोडायला लावलं. दहा वाजता पाण्याची घसरगुंडी, पण कपडे ओले होतील म्हणून तीही खोडली. सगळ्यात मोठा चौकोन अकरा वाजताचा. त्यात लिहिलं: 'गरुडझेप. केतकी आणि शशिकांतराव.' खाली बारीक अक्षरात: 'उद्धव, बाकावर, पिशव्या.'

"तुम्ही का नाही बसत पप्पा?" केतकीनं विचारलं.

"पिशव्या कोण सांभाळणार?"

सुलभा बटणांची काजं करता करता हसली. मला उंचीचं वावडं आहे हे तिला माहीत होतं. दुकानाची पाटी लावली त्या दिवशी शिडी मी धरली होती आणि वर ती चढली होती. सगळ्या गल्लीनं ते बघितलं होतं.

गर्दीत कुणी हरवू नये म्हणून मी आणखी एक गोष्ट ठरवली. दुकानात बँडपथकाच्या गणवेशाचं कापड पडून होतं. दोन भावांची भांडणं होऊन पथकच मोडलं, त्यामुळं अर्धं ठाण माझ्याकडं राहिलं. लालभडक कापड, त्यावर सोनेरी रेघ. त्यातून मी माझा शर्ट शिवला, सुलभाचं जाकीट शिवलं, केतकीचा फ्रॉक शिवला आणि साडूंनाही एक शर्ट शिवला. अर्ध्या मैलावरून आपलं माणूस ओळखू यावं इतकं ते झगझगत होतं. सुलभाच्या जाकिटाला आतून दोन मोठे चोरखिसे ठेवले, कारण पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत असं साडू म्हणाले होते आणि सुलभा बाहेरचं खाणं खात नाही. एका खिशात चार धपाटे बसतील असा हिशोब होता.

केतकीचा फ्रॉक नेहमीप्रमाणं खांद्यावरून उतरत होता आणि पोटरीपर्यंत पोचत होता.

"पप्पा, मोठा झालाय."

"होऊ दे की. वाढत्या अंगाचा हाय. पुढच्या दिवाळीला बसंल."

तिनं फ्रॉकची बाही वर ओढली आणि हळूच म्हणाली, "पप्पा, शाळेत उंची मोजली परवा. बाई बावन्न म्हणाल्या."

"बाई काय शिंपी हायत का?"

"पट्टी लावून मोजलं."

"शाळेची पट्टी. दोन्ही टोकं झिजलेली असतील. माझ्या वहीत चौपन्न हाय."

"अवो, मग एकदा लावा की टेप," सुलभा म्हणाली. "पोरीचा जीव टांगणीला लागलाय. काय जातंय तुमचं?"

काय जातंय! मला रागच आला. आमच्याकडं दर खंडेनवमीला कात्री, टेप आणि मशीनची पूजा होते. पूजा झाली, हळदीकुंकू वाळलं, की त्या टेपचं पहिलं माप केतकीचं. पाळण्यात होती तेव्हापासून हा रिवाज. दाराला पाठ लावून ती उभी राहते, टाचेपासून टाळूपर्यंत मी टेप धरतो आणि वहीत लिहितो. अजून महिनासुद्धा झाला नव्हता त्याला. पूजेच्या टेपनं घेतलेलं माप शाळेच्या पट्टीसाठी परत घ्यायचं?

"गिऱ्हाईक रडत आलं तरी मी वही बघतो, अंग बघत नाही," मी म्हणालो. "वहीत चौपन्न हाय म्हणजे चौपन्न हाय. केतकी, तू बसणार. मी सांगतो ना."

केतकीनं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. शाळेपेक्षा, बाईपेक्षा, पट्टीपेक्षा तिचा माझ्यावर विश्वास. त्या रात्री ती निवांत झोपली आणि दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्या वर्गाला सांगून टाकलं.

भाऊबीज झाल्यावर आम्ही पुण्याला साडूंकडं गेलो आणि सकाळी त्यांच्या गाडीतून निघालो. मेहुणीबाईंचा पाय सुजला होता, त्या घरीच राहिल्या. शशिकांतराव निळा टीशर्ट घालून आले.

"तुमचा शर्ट लय भारी झालाय साडू," ते म्हणाले. "पण हिनं धुवायला टाकला."

"घालायच्या आधीच?"

"नवा कपडा धुऊनच घालावा."

माझी पाळी आली की ते सापडणारच होते.

चंद्रलोकाच्या दारात पहिला घोटाळा झाला. बायकांची तपासणी करायला एक बाई उभी होती. तिनं सुलभाच्या जाकिटाला हात लावला आणि हात तिथंच थांबला.

"काय आहे आत?"

सुलभाला खोटं बोलता येत नाही. "धपाटे," ती म्हणाली. "ज्वारीचे. घ्या की एक. दह्यातले हायत, मऊ असतील अजून."

"आत नेता येणार नाहीत ताई. इथं ठेवून जा."

"ठेवून? अन्न असं टाकून?" सुलभानं जाकिटाची बटणं उघडली आणि एकेक करून आठ धपाटे बाहेर काढले. मागं रांग लागली होती. "खा," ती आम्हाला म्हणाली.

आम्ही कडेला उभं राहून आठ धपाटे खाल्ले. शेंगाचटणीची पुडी तिनं कुठून काढली ते मलाही कळलं नाही. तो खिसा मी शिवलेला नव्हता. केतकीला एक पुरला, सुलभाला एक. साडूंनी डायटवर आहे म्हणत दोन खाल्ले. उरलेले चार माझ्या वाट्याला आले. तपासणीच्या बाईनं शेवटी चटणीची चव घेतलीच. माझ्या आखणीतली पंचवीस मिनिटं तिथं गेली.

आत गेल्यावर दुसरा घोटाळा. जो तो आम्हालाच विचारायला लागला. "स्वच्छतागृह कुठंय?" "तिकीट परत मिळतं का हो?" "पुढचा खेळ किती वाजता?" पार्कातल्या नोकरांचेही शर्ट लाल होते आणि आमच्या कपड्याला वर सोनेरी रेघ होती, त्यामुळं आम्ही साहेब ठरलो. सुलभानं पहिल्या दोघांना माहीत नाही म्हणून सांगितलं. मग मी खाकी कागद उघडला आणि सगळ्यांना बरोबर उत्तरं द्यायला लागलो. खरं सांगतो, मला मजा आली. एका गुजराती कुटुंबाचा तर अख्खा दिवस मी लावून दिला.

केतकी माझी बाही ओढत होती. "पप्पा, अकरा वाजले."

गरुडझेप लांबूनच दिसत होती. निळे रूळ आभाळात गेलेले, वर माणसांचा आरडाओरडा. पण मी पिशव्या घेऊन बाकावर बसणार होतो, मला काय त्याचं.

रांगेच्या तोंडाशी लाकडी गरुड उभा होता. त्यानं एक पंख आडवा पसरलेला. मुलांनी त्या पंखाखाली उभं राहायचं, डोकं पंखाला टेकलं तर आत जायचं. केतकी गेली, चपला काढून, पाठ ताठ करून उभी राहिली. पंख आणि तिची टाळू यांच्यामधून उजेड दिसत होता.

"सॉरी काका," तिथला माणूस म्हणाला. "कमी आहे उंची."

"परत बघा."

"दिसतंय ना काका."

"तुमचा गरुड चुकलाय," मी म्हणालो. "पोरगी चौपन्न हाय. माझ्या वहीत लिहिलंय."

"काका, रांग थांबलीय."

"थांबू दे. मी टेलर हाय. मोजूनच दाखवतो." खिशातून टेप काढली, फट्‌दिशी झटकली आणि आधी गरुडाला लावली. जमिनीपासून पंखापर्यंत चौपन्न. एक सूत इकडं नाही, तिकडं नाही. चांगला शिवलेला गरुड होता.

मग टेप केतकीला लावली. तिनं टाचा घट्ट जमिनीला टेकवल्या होत्या, फसवायचा विचारही तिच्या मनात नव्हता. मी टाळूवर बोट धरलं आणि वाचलं. बावन्न.

परत वाचलं. बावन्नच.

मागची सगळी रांग आमच्याकडं बघत होती. साडू पुढं वाकून टेप बघत होते. आणि मला तिथं, भर उन्हात, खंडेनवमीचा दिवस आठवला. मी दाराशी टेप धरली होती तेव्हाही बावन्नच होतं. मग मी वही उघडली आणि चौपन्न लिहिलं. कारण लहान मुलांच्या अंगाचं माप मी वहीत कधी लिहीतच नाही. दोन इंच धरूनच लिहितो. सगळ्या बार्शीच्या पोरांची मापं माझ्या वहीत दोन इंच जास्त आहेत. हात आपोआप तसं लिहितो. केतकीचं तर नऊ वर्षं मी तसंच लिहीत आलो होतो.

"काय झालं?" सुलभानं विचारलं.

"वाढत्या अंगाचं," मी म्हणालो. "वाढत्या अंगाचं लिहिलं."

तिला लगेच कळलं. कपाळाला हात लावून ती म्हणाली, "पोरगी हाय का परकर?"

रांगेतलं कुणीतरी हसलं. साडू तर तोंड फिरवून हसत होते. मला लोकांची लाज वाटली नाही. मी सांगितलं होतं तू बसणार, आणि ती झोपली होती निवांत, त्याची लाज वाटली. केतकीच्या ओठांची कड थरथरत होती. मी गुडघ्यावर बसलो.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "शाळेची पट्टी बरोबर होती."

तिनं नाक ओढलं, पंखाकडं बघितलं, वर रुळांकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"मग तुम्ही बसा," ती म्हणाली.

"मी?"

"तुम्ही बसा आणि मला सांगा. वरून काय काय दिसतं ते सगळं. डोळे उघडे ठेवायचे. मी वर्गात सांगितलंय."

"अगं, काका बसतील की. ते तीनदा आलेत."

सगळ्यांनी शशिकांतरावांकडं बघितलं. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "माझा गुडघा... म्हणजे तीनदा आलोय हो मी. बसलोय असं कुठं म्हणालो?"

एरवी हे वाक्य मी जन्मभर पुरवून वापरलं असतं. त्या वेळी त्याचा काही उपयोग नव्हता. मी टेप केतकीच्या गळ्यात घातली, पिशव्या साडूंच्या हातात दिल्या आणि रांगेत जाऊन उभा राहिलो. सुलभा जवळ येऊन हळूच म्हणाली, "जमंल का? नाहीतर मी बसते."

"शिडीवर तू चढलीस," मी म्हणालो. "ह्या खेपेला मला जाऊ दे."

बसवलं. छातीवर लोखंडी दांडा आला. शेजारी कॉलेजातली एक पोरगी होती, तिनं विचारलं, "काका, तुम्ही इथले सुपरवायझर ना? सेफ आहे ना हे?" मी मान हलवली. गाडी हलली आणि मी डोळे मिटले.

ते उघडलेच नाहीत. केतकीची शप्पथ, मी प्रयत्न केला. चढताना केला, टोकावर गाडी थांबली तेव्हा केला. पापण्यांना कुणीतरी दुहेरी टीप घातली होती. त्यानंतर खाली काय, वर काय, मला सांगता येणार नाही. धपाटे कुठं होते तेही सांगता येणार नाही. कुणीतरी "आईऽऽ" म्हणून ओरडत होतं, आणि गाडी थांबल्यावर कळलं की तो मीच होतो.

मी खाली उतरलो. केतकी धावत आली. टेप तिच्या गळ्यात हेलकावत होती.

"काय दिसलं?"

खरं सांगायचं तर आतला काळोख दिसला होता. पण एकदा तिला खोटं माप दिलं होतं, आता रिकाम्या हातानं कसं परत यावं?

"डोंगर," मी म्हणालो. "उजव्या अंगाला ओळीनं डोंगर. आणि डावीकडं, पार्काच्या मागं, मोठं तळं."

"तळं?"

"केवढं तरी. निळंशार. काठाला बगळे. आणि घाटावर एक बाई धुणं धूत होती."

"साडी कसली होती तिची?"

"मोरपंखी. जरीकाठी."

"धुणं धुताना जरीकाठी?" सुलभानं विचारलं.

"लग्नाला जाऊन आली असंल," मी म्हणालो. "तिनं वर बघितलं. मी हात केला, तिनंही केला."

केतकीनं आणखी विचारलं आणि मी आणखी सांगितलं. बगळे किती, होडी होती का, होडीत कोण होतं. परतीच्या वाटेवर घाट उतरेपर्यंत मी ते तळं भरत होतो. रडू तिचं कधीच थांबलं होतं. शाळा उघडल्यावर तिनं वर्गात गरुडझेप अशी सांगितली, की बाई म्हणाल्या, निबंध लिही. निबंधाला दहापैकी नऊ मिळाले. एक गुण शुद्धलेखनाचा गेला.

दहा वर्षं गेली. केतकी सोलापूरला कॉलेजात शिकायला लागली आणि एका शनिवारी तिच्या कॉलेजची सहल चंद्रलोकला निघाली. त्याच आठवड्यात शशिकांतराव आमच्याकडं मुक्कामाला होते. मी सहज विचारावं तसं विचारलं, "त्या पार्काच्या मागं तळं हाय नव्हं?"

"कसलं तळं? मागच्या रस्त्यानं मी कितीदा गेलोय पॉलिसीच्या कामाला. खडीची खाण आहे तिथं. नुसता धुरळा."

शनिवारी माझा हात कापडावर चालेना. एक ब्लाऊज चुकला. सुलभा म्हणाली, "बरं वाटत नाही का?" मी म्हणालो, बरं आहे. दहा वर्षांपूर्वीची गोष्ट, पोरगी कधीच विसरली असेल, असं स्वतःला समजावत होतो. पण ती विसरणाऱ्यातली नव्हती, हेही मला माहीत होतं.

रविवारी दुपारी ती आली. दुकानात पाठीवरची बॅग टेकवली, माठातलं पाणी प्यायली आणि कटिंगच्या टेबलावर येऊन बसली. लहानपणी बसायची तशीच, पाय सोडून.

"बसलीस?" मी विचारलं.

"बसले की. दोनदा."

"डोळे?"

"उघडे. दोन्ही वेळेला."

मी कात्री खाली ठेवली. खडू उचलला, परत ठेवला. शेवटी विचारलंच. "डोंगर हायत का अजून?"

"हायत."

"आणि तळं?"

ती माझ्याकडं बघत राहिली. लाकडी गरुडाखाली उभी असताना बघितलं होतं तशी. मग तिनं माझ्या गळ्यातल्या टेपचं टोक हातात घेतलं आणि बोटाला गुंडाळायला लागली.

"हाय की पप्पा," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतं त्याच्यापेक्षा दोन इंच मोठंच निघालं."